रिकाम्या टँकरची खेप

सिरसाळ्याच्या फाट्यावर वाहेदने टँकर चहाच्या टपरीसमोर उभा केला, पण इंजिन बंद केलं नाही. गिअरबॉक्स त्याने स्वतःच्या हाताने उघडून बसवला होता, त्याची त्याला काळजी नव्हती. बॅटरी मात्र मालकाची, जुनीच होती.

चहावाल्याने डाव्या खिडकीतून पेला आत धरला. खिडकीशी आश्रुबा बसला होता. पेला त्याच्या कानाजवळ येऊन थांबला, आणि आश्रुबा समोरच्या काचेतून रस्त्याकडेच पाहत राहिला. मधे बसलेल्या गौतमीने बापाकडे पाहिलं.

"घे की बे," वाहेद पलीकडून म्हणाला. "निजामाचा नातू हाय का तू, तोंडाला लावून द्यावं लागतंय?"

आश्रुबाने मान वळवली तेव्हा त्याला पेला सापडला. विचारात होतो, असं काहीतरी पुटपुटत त्याने तो घेतला. गौतमीने आपला चहा संपवला, बापाच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि दोन्ही पेले खिडकीतून परत दिले.

आश्रुबाला आजचा दिवस निभावून न्यायचा होता. दोन वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याने भरवलेल्या नेत्रशिबिरात डॉक्टरने त्याला काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकवायची तर थेंब चुकवू नका, असं बजावलं होतं. समोरचं त्याला अजून दिसे, नळीतून पाहावं तसं. कडा गेल्या होत्या. पायाखालचं, उजवीकडचं, डावीकडचं जे काही असेल ते मान वळवेपर्यंत त्याच्यासाठी नसायचं. ही गोष्ट त्याने बायकोला, केशरबाईला, सांगितली नव्हती. वाहेदला सांगितली नव्हती. थेंबांची बाटली कॅमेऱ्याच्या पिशवीत असे, कारण त्या पिशवीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. कळलं असतं तर पहिल्यांदा रुळाकडे जाणं बंद झालं असतं. आंधळ्या माणसाला रुळाच्या कडेला कोण उभं राहू देईल?

आश्रुबा ओव्हाळ वडवणीच्या सहकारी दूध डेअरीत, शीतकरण केंद्रावर, कॉम्प्रेसर ऑपरेटर होता. त्याला रेल्वेचे फोटो काढायचा नाद होता. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा नाद लागावा याचं लोकांना हसू येई, कारण गाडी बघायची तरी परळी गाठावी लागे. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो जोंधळ्याची पोती उतरवायला त्याचा बाप परळीच्या यार्डात गेला होता. सोबत चौदा वर्षांचा आश्रुबा होता. उंच खांबावरचा सिग्नलचा तांबडा हात कुणी न शिवता खाली पडतो आणि मग मोकळ्या माळावरून गाडी येते, हे त्याने तिथे पाहिलं. पुढे नोकरी लागल्यावर त्याने जुना याशिका कॅमेरा घेतला. त्याच्या फोटोंत इंजिनं होती, मालगाड्या होत्या, गँगमनच्या झोपड्या होत्या. पण सगळ्यांत जास्त सिग्नल होते. आडवे हात, पडलेले हात, अर्धवट पडून अडकलेला एक.

डेअरीला वर्षभर सुट्टी नसे. म्हशी दूध देणं थांबवत नाहीत. पण दुष्काळ पडला की दूध आटे, यंत्र गार ठेवायला पाणी नसे, आणि केंद्र दिवसेंदिवस बंद राही. तेव्हाच आश्रुबाला जायला मिळे. पुढे तो वारल्यानंतर गौतमीने फोटोंच्या पेट्या उघडल्या तेव्हा तिच्या हे ध्यानात आलं: एकाही फोटोत हिरवं काही नव्हतं. मोकळी काळी रानं, पानं नसलेल्या बाभळी, पांढरं आभाळ, आणि मधे खांब. अनोळखी माणसाला वाटलं असतं, रेल्वे फक्त दुष्काळातच धावते.

जायचं कसं, हे वाहेद ठरवी. त्याचं वडवणीच्या बसस्टँडमागे गॅरेज होतं. दुरुस्त झालेली गाडी पोचवायची असली, की तो आश्रुबाला हाक मारी. मुकादमाची जीप, लग्नाचा बँडवाल्यांचा टेम्पो, एकदा तर सरकारी दवाखान्याची अँब्युलन्स; अशा वाहनांतून दोघांनी परळीपलीकडची सगळी स्टेशनं पाहिली होती. या खेपेला पाण्याचा टँकर होता. एका सोसायटीने परळीपलीकडे जनावरांची छावणी चालवली होती, तिचा. संध्याकाळपर्यंत तो छावणीवर द्यायचा आणि यष्टीने परत यायचं. वाटेत देवठाणा रोड स्टेशन लागत होतं. तिथले सिग्नलचे जुने हात पावसाळ्यानंतर काढणार होते. दिव्यांचे नवे खांब आधीच उभे होते, त्यांची तोंडं गोणपाटाने बांधलेली होती. दुपारची पॅसेंजर येताना पडलेल्या हाताचा एक फोटो आश्रुबाला हवा होता.

गौतमी औरंगाबादला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. चार दिवस घरी आलेली. मी पण येते, असं तिने सकाळी सांगितलं तेव्हा आश्रुबाने ऊन, धूळ, टँकरची सीट अशी कारणं पुढे केली. ती ऐकून घेऊन चप्पल घालायला गेली होती.

परळी मागे पडल्यावर रस्ता अरुंद झाला. हिंगणवाडीच्या अलीकडे एका वळणावर वाहेदने वेग कमी केला, आणि तेवढं पुरलं. हापशाजवळच्या बायका उठल्या. कुणीतरी हाक दिली, घराघरांतून घागरी, हंडे, डबे, बादल्या बाहेर आल्या, आणि टँकर पूर्ण थांबायच्या आत रस्त्याच्या कडेने भांड्यांची रांग लागली. बायका नंतर आल्या; भांडी आधी आली. रांगेत भांडं ठेवलं की नंबर लागला, मग बाई कुठेही असो.

वाहेदने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, की टँकर रिकामा आहे, गॅरेजमधून येतोय. कुणी ऐकलं नाही. मागच्या आठवड्यातल्या टँकरवाल्यानेही असंच सांगितलं होतं म्हणे, आणि पुढे जाऊन कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेत ओतला होता. दोन बायका इंजिनासमोर रस्त्यातच बसल्या. गौतमी खाली उतरली आणि एकेकीला समजावत राहिली. एका म्हातारीने टँकरच्या पत्र्यावर बुक्की मारून पाहिली. आवाज पोकळ आला, पण म्हातारीने निम्मा तरी असेल असा निकाल दिला.

आश्रुबाला पॅसेंजरची चिंता होती. तोटी उघडून दाखवली की मिटेल, असं त्याला वाटलं. तो डाव्या बाजूने उतरला, टँकरला एक हात लावून मागच्या तोटीकडे चालू लागला. नजर तोटीवर होती. पायाखाली रांग होती.

पहिल्या दोन घागरी नुसत्याच वाजल्या. तिसऱ्या घागरीला त्याची नडगी लागली तेव्हा वेगळा, जड आवाज झाला. ती भरलेली होती. कडूबाई नावाची बाई पहाटेपासून हापशावर बसून ती भरून घरी निघाली होती. टँकर दिसला तसा तिने नंबर धरायला तीच रांगेत ठेवली. पाणी रस्त्याच्या धुळीत पसरलं, क्षणभर चमकलं आणि जिरलं.

"बाप्पा," कडूबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "रांग दिसली न्हाई व्हय तुमाला? एवढाल्या घागरी?"

आश्रुबाने तिच्याकडे मान वळवली, मग घागरीकडे, मग परत तिच्याकडे. चूक झाली, असं तो म्हणाला असेल, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण तोवर बायका बोलू लागल्या होत्या. शहरातले लोक मुद्दाम लाथाडतात, पाण्याची किंमत नाही, गळ्यात कॅमेरा बघा कसला. एक तरुण बाप्या पुढे आला आणि आश्रुबाच्या सदऱ्याला त्याने हात घातला.

"हात काढ," वाहेद म्हणाला. तो कधी खाली उतरला ते कुणी पाहिलं नव्हतं. "त्याला दिसत न्हाई. कडंचं, खालचं काईच दिसत न्हाई त्याला. मुद्दाम कावून लाथाडील बे? दिसतच न्हाई."

बाप्याने हात काढला.

"मला दीड-दोन वर्सं झाली ठावं हाय," वाहेद म्हणाला. हे तो गावकऱ्यांना सांगत होता की आश्रुबाला, ते कळत नव्हतं, कारण तो दोघांकडेही बघत नव्हता.

आश्रुबा जागच्या जागी उभा राहिला. वाहेदची दोन वर्षांतली सगळी बडबड त्याला एकदम आठवली. पाय उचल बे, रूळ आला. इकडं सरक, माझ्या सावलीत कडमडू नको. तो बघ, बोडक्याचा, तांबडं तोंड घेऊन आला, मागं सात-आठ डबे हायेत. आश्रुबा याला वाहेदचा दादागिरीचा स्वभाव समजत आला होता, आणि मनातल्या मनात कंटाळतही होता. चहाचा पेलासुद्धा. त्याला गौतमीकडे मान वळवायची होती. त्याने वळवली नाही.

"कोन गावचे?" कडूबाईने विचारलं.

"वडवणी."

"कोनाचे?"

पाण्याच्या रांगेशी असा प्रश्न आला, की त्याचा अर्थ आश्रुबाला माहीत होता. त्याच्या आईच्या काळात या प्रश्नाच्या उत्तरावर घागर रिकामी परत जायची की भरून, ते ठरत असे. तो तोंड उघडणार तेवढ्यात मागून गौतमी बोलली. "ओव्हाळ," ती म्हणाली. "हे माझे वडील."

मागच्या एका बाईने आपली घागर पायाने जराशी बाजूला घेतली. कडूबाईने आपली आडवी पडलेली घागर उचलली, आतल्या तळाशी राहिलेलं पाणी हलवून पाहिलं, आणि ती परत रांगेत, होती तिथेच, सरळ ठेवली.

"मंग पानी कवा आनता?" ती म्हणाली.

वाहेदने सोसायटीचं नाव घेऊन पाहिलं, छावणीतली जनावरं तहानलेली असतील म्हणून पाहिलं. कडूबाईने ऐकून घेतलं आणि जनावरांच्या आधी माणसं, एवढंच म्हटलं. मग ती आश्रुबासमोर आली, नीट समोर, त्याला दिसेल अशी उभी राहिली, आणि हात पुढे केला. "हे ठिवून जावा. पानी आनलं की न्या."

आश्रुबाने कॅमेरा गळ्यातून काढला. पट्टा कानाला अडकला, तो गौतमीने सोडवला. कडूबाईने कॅमेरा घरात नेला नाही. पदराने त्याची धूळ पुसली, स्वतःच्या गळ्यात घातला आणि रांगेच्या शेजारी, भांड्यांच्या सावलीपुरत्या जागेत, खाली बसली. निघण्याआधी गौतमीने केबिनमधला त्यांचा स्वतःचा पाण्याचा डबा आणला आणि तिच्या घागरीत रिता केला. घागरीचा तळ झाकला, एवढंच.

टँकर निघाला. बराच वेळ तिघंही समोर बघत होती. एका बाभळीपाशी गौतमीने वाहेदला गाडी थांबवायला सांगितली.

"थेंब कुठं ठेवता, आण्णा?"

"तुला कसं कळलं थेंबाचं?"

"घरी डोळ्याखाली डाग असतो तुमच्या. सुकलेला. आधी मला वाटलं, तुम्ही रडता."

त्याने पिशवीतून बाटली काढून दिली. तिने त्याची मान मागे टेकवली, पापणी बोटाने खाली ओढली आणि थेंब टाकला. तो स्वतः टाकी तेव्हा निम्मं औषध गालावरून जाई. आता सगळं आत गेलं. वाहेद या वेळेत दरवाज्याच्या काचेवरची धूळ पुसत होता. ती काच त्याने सकाळीच पुसली होती.

"आता बंद का समदं?" आश्रुबाने विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"काय बंद?"

"हेच. येनं-जानं. रुळाकडं."

गौतमीने बाटलीचं झाकण लावलं. "आधी पाणी," ती म्हणाली. वाहेदने गिअर टाकला.

देवठाणा रोडला वाफेच्या इंजिनांच्या काळातली दगडी टाकी होती आणि तिच्या पायाशी रेल्वेची बोअर. स्टेशनवरचा सटवा, लिव्हर ओढून सिग्नल पाडणारा, आश्रुबा आणि वाहेद या दोघांना वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याने मास्तरांना विचारलं. मास्तर बाहेर आले, टँकरकडे, मग आश्रुबाच्या मोकळ्या गळ्याकडे बघून म्हणाले, की रेल्वेचं पाणी बाहेर देता येत नाही, ते आता जेवायला बसत आहेत, आणि त्यांना जेवायला बराच वेळ लागतो.

लाईट होती, पण कधी जाईल याचा भरवसा नव्हता. सटवाने मोटर लावून दिली. कॅनव्हासचा पाईप जुना, जोडाच्या जागी फुटलेला. तिथे वाहेद ओल्या गोणपाटाने आवळून बसला आणि त्याच्या दोन्ही बाह्या भिजल्या. पाण्याच्या जोराने पाईप टँकरच्या तोंडातून उसळून बाहेर येई, म्हणून गौतमी पदर खोचून वर चढली आणि तो धरून बसली. वरून पाहिलं तर झाकणाच्या आत काळोख होता. किती भरलं ते कळायला मार्ग नव्हता, आणि वरून सांडू द्यायचं नव्हतं. या माळावर सांडलेलं पाणी दिसलं असतं, तर मास्तरांचं जेवण अर्ध्यात संपलं असतं.

"मी सांगतो," आश्रुबा म्हणाला.

तो टँकरच्या बाजूला उभा राहिला आणि त्याने तळवा पत्र्याला लावला. दिवसभर तापलेला पत्रा वर चटका देत होता. खाली, जिथवर पाणी आलं होतं तिथवर, तो गार होता. दोन्हींच्या मधे बोटभर जागा होती, ना गरम ना गार, आणि ती हळूहळू वर सरकत होती. डेअरीत दुधाच्या टाक्यांवर त्याने आयुष्य याच कामात काढलं होतं, आणि टाकी किती भरली ते तिथे माणसाच्या अंगावरून सांगत.

"गुडघा," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, "मांडी."

सटवा सिग्नलच्या केबिनकडे गेला. मागे, रुळाच्या कडेने गेलेली तार छोट्या चाकांवरून करकरली. मग माळावर, दूर, लोखंडाचा एक ठोका पडला. हात पडला होता. आश्रुबाला न बघता कळलं. तिथून पन्नास पावलांवर त्याची नेहमीची जागा होती, आणि ऊनही पाठीशी होतं.

"आण्णा," वरून गौतमी म्हणाली, "सिग्नल पडला. गाडी दिसतीय. वळून बघा तरी."

"तू बघ."

"मी बघते की पत्र्याकडं. तुम्ही बघा."

"तुला वरून काय दिसनार?" आश्रुबा म्हणाला. "सांडंल."

हे खरंच होतं. तिने आत डोकावून पाहिलं. काळोख आणि आवाज. गाडीची शिट्टी झाली. वाहेद गोणपाट आवळून खाली मान घालून बसला होता. गाडीकडे पाठ होती त्याची, आणि आज तो काहीच सांगत नव्हता.

गाडी आली. तिची धूळ आणि वारा आश्रुबाच्या पाठीवर आला, सदरा पाठीला चिकटला. खिडक्यांतून लोक टँकरकडे बघत होते. त्याने तळवा हलवला नाही. मान वळवताना तो हलला असता, तर परत जागा सापडायला वेळ लागला असता. नजरेचं इथे कामच नव्हतं. शेवटचा डबा गेला. तार परत करकरली आणि हात आडवा झाला.

"मग दिवाळीच्या आधी," गौतमी वरून म्हणाली. पाईप दोन्ही हातांनी छातीशी धरल्यामुळे तिचा श्वास लागला होता. "हात काढायच्या आत. मी रजा टाकून येईन. तुम्ही मला सोडून यायचं नाही, एवढंच."

आश्रुबाने तळवा वर सरकवला, थोडा अजून वर, आणि बोटं पसरून थांबला.

"खांद्याला आलं," तो म्हणाला. "आता हळू येऊ दे, माय."